मोरखेडी फाट्याची सव्वापाचची बस

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी सहा वर्षं एक सदर लिहीत होतो, ‘बसने जा, पायी फिरा’. जुन्या वाचकांना आठवत असेल. उज्जैनच्या स्टँडवरून सकाळची सरकारी बस पकडायची, वीस-पंचवीस किलोमीटरवर एखाद्या खेड्यात उतरायचं, बांधावरून, नाल्याच्या कडेने, माळावरून चार-पाच तास चालायचं आणि दुसऱ्याच रस्त्यावरच्या फाट्यावरून संध्याकाळची बस धरून घरी यायचं. प्रत्येक लेखात दोन वाटा. सोबत मी हाताने काढलेला नकाशा आणि जाता-येतानाच्या बसच्या वेळा.

यंदाच्या संपादिकाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “काका, त्या दिवसांच्या गमतीजमती लिहा ना. आजकाल कोण बसने जाऊन पायी फिरतं!” गमती होत्या, त्या लिहितो. पण त्या सदराच्या पाठोपाठ एका लेखात मी एक वाक्य खोटं लिहिलं होतं. ते याच अंकात छापलं गेलं, म्हणून ते खोडायचंही याच अंकात. बाईंना मी हे आधी सांगितलेलं नाही. त्यांनी वाचून छापायचं की नाही ते ठरवावं. छापावं अशी विनंती आहे.

मी बस निगमात टाइमकीपर होतो. हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला समजत नाही. लोकांना ड्रायव्हर दिसतो, कंडक्टर दिसतो. स्टँडच्या कोपऱ्यात जाळीच्या खिडकीमागे बसलेला माणूस दिसतो तो फक्त ‘गाडी कितीला लागेल?’ विचारण्यापुरता. त्या माणसासमोर एक लांबट रजिस्टर असतं. गाडीचा नंबर, मार्ग, ड्रायव्हर, कंडक्टर, ठरलेली वेळ, निघाल्याची वेळ, परत आल्याची वेळ. प्रत्येक गाडी निघताना ड्रायव्हर खिडकीशी येतो, मी वेळ टाकतो, तो सही करतो. झालं. गाडी पंक्चर झाली, कोणी म्हैस आडवी आली, कुठल्या गावात पंचायतीचं भांडण होऊन गाडी अडवली, यांतलं काहीही नंतर कोणी मागितलं की उत्तर एकच, “रजिस्टर बघा.” मी लिहिलं ते घडलं, आणि मी लिहिलं नाही ते घडलंच नाही. पंचवीस वर्षं माझ्या अक्षराला ही किंमत होती. मला तिचा अभिमान होता हे कबूल करतो.

त्या काळी खेडी बसवर चालत. एका गावचा म्हातारा पाटील महिन्यातून एकदा खिडकीशी येऊन माझ्यावर ओरडायचा, कारण त्याच्या गावची गाडी दहा मिनिटं उशिरा आली की त्याच्या घरचं भिंतीवरचं घड्याळही तो दहा मिनिटं मागे करायचा. “थारी गाड़ी ने म्हारी घड़ी बिगाड़ दी, बाबूजी!” मोरखेडीच्या बायका सव्वापाचच्या बसचा हॉर्न ऐकला की गाई दोहायला बसत. हे मला सुधाकरने सांगितलं होतं. त्याला ही असली माहिती फार आवडायची.

सुधाकर माझा शाळासोबती. पुढे माधवनगरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचा. चालण्याची कल्पना मूळ त्याची. माझ्याकडे सगळ्या मार्गांच्या वेळा, त्याच्याकडे पाय. तो सुट्टीत जाऊन वाट शोधायचा आणि मी तिच्या दोन्ही टोकांना बस बसवायचो. पहिली वाट भैरवगढ़हून निघणारी होती. नदीकाठी छाप्याच्या चादरी वाळत घातलेल्या असत, त्यांच्या रांगांमधून निघायचं आणि क्षिप्रेच्या काठाने वर जायचं. त्या दिवशी आम्ही सातजण होतो. नंतर बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले लोक येऊ लागले. मराठी माणसं नोकरीपायी इथे येऊन राहिलेली, कोणी दोन पिढ्यांपूर्वी, कोणी दोनशे वर्षांपूर्वी, पण शहराबाहेरचा माळवा कोणी पायाखाली घातला नव्हता. एक बँक मॅनेजर पहिल्या दिवशी चामड्याचे काळे बूट आणि टाय घालून आले. काळ्या मातीत एक बूट रुतून बसला. त्यांनी तो काढला, पिशवीत घातला आणि पुढचे आठ किलोमीटर एका पायात बूट, एका पायात मोजा असे चालले. टाय काढली नाही.

खेड्यातल्या लोकांना आमचं कोडं सुटायचं नाही. एका गावात एका बाईने सगळ्यांना ताक दिलं आणि विचारलं, “मन्नत मांगी है क्या?”

“नहीं माताजी, ऐसे ही घूम रहे हैं.”

“ऐसे ही?” तिने आमच्यातल्या गोऱ्यागोमट्या बायकांकडे पाहिलं. “तो क्या गाड़ी बिगड़ गई?”

त्यानंतर सुधाकर सगळीकडे एकच उत्तर द्यायचा, “पंचक्रोशी की प्रॅक्टिस चल रही है, माताजी.” पंचक्रोशी म्हटलं की उज्जैनच्या आसपास कोणाचेच प्रश्न उरत नाहीत. वैशाखात लाखभर माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन पाच दिवस चालतात, त्याची तालीम म्हटल्यावर आम्हाला पाणी मिळायचं, कधी तुपात बुडवलेले कणकेचे बाफलेही.

या चालण्यात एक रीत होती, ती पुढच्या हकिकतीसाठी सांगायला हवी. तिला आम्ही ‘बस धरणं’ म्हणायचो. परतीची बस म्हणजे त्या रस्त्यावरची दिवसाची शेवटची बस. ती चुकली की काही खरं नाही. आमचे लोक मात्र कधीच एकत्र पोहोचायचे नाहीत. कोणाचा गुडघा, कोणाचा फोटो, कोणाला बोरं. म्हणून शेवटच्या टप्प्यात सुधाकर एकटा पुढे निघून फाट्यावर जाऊन उभा राहायचा. बस आली की ड्रायव्हरला सांगायचा, “भाई, दहा मिनिटं, मंडळी येतायत.” ड्रायव्हर ओळखीचे, माझ्या खिडकीवरचे. ते थांबायचे, बिडी पेटवायचे. सहा वर्षांत एकदाही कोणी मागे राहिलं नाही.

मग ते दिवस आले, ज्यांना पेपरवाले खासगीकरणाचं ‘खुलं वारं’ म्हणत. आमच्या स्टँडवर त्याचा पहिला परिणाम असा दिसला की गेटाबाहेर नव्या मिनीबस उभ्या राहू लागल्या. आतून गाणी, बाहेर आरडाओरडा, “चलो देवास, चलो देवास!” गावोगाव जीपा. चांगल्या रस्त्यावरची माणसं त्या उचलून न्यायच्या. आमच्या वाट्याला मोरखेडीसारखे मार्ग राहिले, खड्डे, दोन नाले आणि परतीला आठ-दहा प्रवासी. वरून हुकूम असा की ज्या मार्गावर फेऱ्या वरचेवर रद्द होतील तो मार्ग गरजेचा नाही असं समजून बंद करायचा. आणि फेऱ्या रद्द तर व्हायच्याच. गाड्या जुन्या, टायर नाहीत, कधी मेळ्याला गाडी काढून घेतली, कधी कोणा मंत्र्याच्या सभेला.

तेव्हा आम्ही टाइमकीपर लोकांनी एक उपाय काढला. तो कोणी शिकवला नाही, सगळ्या स्टँडांवर आपोआप सुरू झाला. गाडी दुसरीकडे पाठवली तरी रजिस्टरमध्ये ती तिच्या मार्गावर गेल्याचं लिहायचं. निघाली साडेतीन, परत आली सहा पस्तीस, प्रवासी नाहीत. ड्रायव्हर-कंडक्टर सही करायचे. त्यांची काही हरकत नसायची. याला आम्ही ‘कागदी फेरी’ म्हणायचो. फेरी रद्द दिसली नाही की मार्ग शाबूत. मी कागदी फेऱ्या लिहिल्या त्या गावांची सोय टिकावी म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. माझ्या नकाशांमधल्या बारा वाटांपैकी सात वाटा अशा मार्गांवर संपत होत्या. मार्ग गेला की माझी वाट गेली, आणि दिवाळी अंकात माझ्या नावाखाली छापलेली वेळ खोटी ठरली. ते मला सहन होणार नव्हतं.

आता तो दिवस.

सुधाकरची धाकटी बहीण कुसुम. तिचे यजमान विनायकराव बँकेत होते, माधवनगरमध्येच सुधाकरपासून दोन गल्ल्यांवर राहायचे. विनायकरावांना साखरेचा आजार होता आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मीच त्यांच्या मागे लागलो. दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा म्हणालो, “चला एकदा आमच्याबरोबर. सपाट वाट देतो.”

कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला म्हणाली, “दादा, तुझ्या भरवशावर पाठवते हं. माझा भाऊ काय, पक्षी दिसला की वर बघत चालतो.”

“अगं, बसच्या वेळा माझ्या आहेत,” मी म्हणालो.

थंडीतला रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. म्हणजे रविवार दुपारपासूनच स्नानासाठी खेड्यापाड्यांतून रामघाटावर माणसांचा लोंढा. मला ड्यूटी होती, त्यामुळे चालायला जाता आलं नाही. सकाळी साडेसातला मी त्या बाराजणांना बसमध्ये बसवलं. विनायकरावांनी बसायला भैरवगढ़ची लाल छाप्याची चादर घेतली होती, काखेत गुंडाळी करून. खिडकीतून हात हलवत म्हणाले, “टाइमकीपरसाहेब, संध्याकाळी साडेसहाला तुमच्या खिडकीसमोर हजर होतो. वेळ टाकून ठेवा!”

दुपारी तीनच्या सुमाराला डेपोचे साहेब धावत आले. इंदूरच्या फलाटावर रेटारेटी चालली होती. “मोरखेडीची गाडी काढा, इंदूरला लावा.”

मी म्हणालो, “साहेब, मोरखेडीच्या दोन फेऱ्या या महिन्यात आधीच रद्द आहेत.”

“मग? मी सांगायचं का तुम्हाला?” ते म्हणाले आणि गेले.

ड्रायव्हर रामेश्वर खिडकीशी आला. हसत म्हणाला, “लिख दो बाबूजी, खाली गई, खाली आई. मैं तो इंदौर चला.” मी लिहिलं. साडेतीन. त्याने सही केली. परत आल्याची वेळही मी तेव्हाच टाकली, कारण संध्याकाळी गर्दीत फुरसत मिळणार नव्हती.

मला ती बारा माणसं आठवली नाहीत असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. पण आठवली होती. सहा पस्तीस या आकड्यांची शाई वाळायच्या आत आठवली होती. नकाशावर मोरखेडी गावातल्या किराणा दुकानाच्या नव्या पीसीओचा नंबर मीच छापला होता, ‘अडचण आल्यास’ म्हणून. स्टँडवर फोन होता. फोन करून सांगता आलं असतं की बस येत नाही, पायी निघू नका, गावातच थांबा. एखादी जीप भाड्याने पाठवता आली असती. पण फोन माझ्या खिडकीतूनच करावा लागला असता, आजूबाजूला चारजण. मोरखेडीची बस गेली नाही असं मी ओरडून सांगायचं, आणि समोर रजिस्टरमध्ये ती गेलेली. त्या दिवशी फिरत्या पथकाचे तपासनीसही स्टँडवर होते. मी विचार केला, सुधाकर आहे, काहीतरी मिळेल, अमावस्येची गर्दी आहे, रस्त्यावर जीपा असतीलच. आणि पुढच्या गाडीची वेळ टाकली.

रस्त्यावर जीपा नव्हत्या. सगळ्या दुपारीच माणसं भरून उज्जैनला आल्या होत्या.

पुढचं मला परत आलेल्या अकरा जणांकडून कळलं. सुधाकर नेहमीसारखा पुढे गेला आणि पावणेपाचला फाट्यावर उभा राहिला. बाकीचे विनायकरावांच्या चालीने येत होते, ते पाच पंचवीसला पोहोचले. फाट्यावरचा चहावाला स्नानाला गेला होता, टपरी बंद. सुधाकर म्हणाला, “बस अजून आलेली नाही, बसा.” कोणीतरी विचारलं, आपण यायच्या आधी गेली तर नाही? तो म्हणाला, “मी पाऊण तास इथे उभा आहे. दत्तूची बस आहे, येईल.” दत्तू म्हणजे मी. अंधार पडायला लागला तेव्हा दोघांना गावात पीसीओवर पाठवलं. ते दुकानही बंद होतं. ही गोष्ट कळल्यावर मी पुष्कळ वर्षं तिचा आधार घेतला, की मी फोन केला असता तरी कोणी उचलला नसता. पण दुकान बंद आहे हे मला तीन वाजता माहीत नव्हतं.

साडेसहाला ते मोठ्या रस्त्याकडे पायी निघाले. नऊ किलोमीटर. विनायकराव आधीच अकरा चाललेले. सातव्या किलोमीटरला एका पुलावर ते बसले आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी येतो.” पुन्हा उठले नाहीत. चादरीची झोळी करून चौघांनी त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं, तिथून एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उज्जैनला. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच ते गेले होते.

मी साडेसहापासून खिडकीतून गेटाकडे बघत होतो.

मंडळात कुजबूज सुरू व्हायला आठवडाही लागला नाही. बाकीच्या दहाजणांनी बस पाहिली नव्हती, पण ते पाच पंचवीसला आलेले. त्याआधी फाट्यावर एकटा सुधाकर. रजिस्टर सांगत होतं बस गेली, म्हणजे ती सव्वापाचला फाट्यावरून गेली. मग सुधाकर काय करत होता? कोणी म्हणालं, झाडाखाली डुलकी लागली असेल. कोणी म्हणालं, पक्षी बघत शेतात शिरला असेल, तसा तो आहेच. त्या दिवशी मोरखेडीत हॉर्न वाजला नाही आणि गाई उशिरा दोहल्या गेल्या असतील. पण तिकडे जाऊन विचारणार कोण?

सुधाकर माझ्या घरी आला. बाहेरच्या खोलीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “दत्त्या, तुला म्हणून विचारतो. गाडी गेली होती का रे?”

मी म्हणालो, “गेली होती.”

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. म्हणाला, “मग माझा डोळा लागला असणार.”

त्याने माझ्याशी वाद घातला असता तर कदाचित मी फुटलो असतो. त्याने घातला नाही. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याने माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

तेरावा झाल्यावर कुसुम स्टँडवर आली. इतक्या वर्षांत ती माझ्या खिडकीशी पहिल्यांदाच आली होती. म्हणाली, “दादा, खरं सांग. बस गेली होती?”

तिला तोंडाने हो म्हणणं मला जमलं नाही. मी रजिस्टरचं ते पान काढलं, रजिस्टर फिरवलं आणि जाळीखालून तिच्याकडे सरकवलं. तिने बोट ठेवून वाचलं. मोरखेडी, साडेतीन, सहा पस्तीस. रामेश्वरची सही. मग रजिस्टर नीट बंद करून परत सरकवलं आणि गेली.

त्यानंतरच्या दिवाळी अंकात मी विनायकरावांवर श्रद्धांजलीचा लेख लिहिला. त्यातलं ते वाक्य असं आहे: ‘दुर्दैवाने गट फाट्यावर जमण्यापूर्वीच शेवटची बस निघून गेली होती.’ नाव कोणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. माझं सदर त्या अंकापासून बंद झालं.

भाऊबीजेला सुधाकर पेढ्यांचा पुडा घेऊन कुसुमच्या दारात गेला. ती आतूनच मोलकरणीला म्हणाली, “त्यांना सांग, पाट मांडलेला नाही.” तो पुढच्या वर्षीही गेला आणि पुन्हा परत आला. तिसऱ्या वर्षी कुसुमचा मला निरोप, “दादा, घरात कोणालातरी ओवाळायला हवं. तू ये.”

मी गेलो. रांगोळी काढलेल्या पाटावर बसलो. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सोन्याची अंगठी आणि सुपारी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. मी ताटात साडीचं पाकीट ठेवलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पंचवीस वर्षं मी त्या पाटावर बसलो.

सुधाकर चालायचा थांबला. शाळा, घर, बस. फक्त एकदा, मार्ग अजून चालू असताना, तो खिडकीशी आला आणि मोरखेडीची वेळ विचारली. मी म्हणालो, कशाला? म्हणाला, “जाऊन बसतो जरा फाट्यावर. त्याच झाडाखाली, त्याच वेळेला. बघतो डोळा लागतो का.” त्या हिवाळ्यात तो चार रविवार गेला. चौथ्या रविवारी परत आल्यावर खिडकीशी थांबून म्हणाला, “नाही लागत रे. काय झालं असेल त्या दिवशी?” मी म्हणालो, त्या दिवशी चालून दमला होतास. त्याने मान डोलावली.

ज्यासाठी मी लिहिलं तो मार्ग दोन वर्षांत बंद झाला. कागदी फेऱ्यांनी तो वाचला नाहीच. उलट ‘प्रवासी नाहीत’ असं मीच इतक्या वेळा लिहिलं होतं की बंद करणाऱ्यांना दुसरा पुरावा लागला नाही. आता त्या रस्त्यावर कोणाची तरी मिनीबस चालते, भरली की निघते, वेळ अशी तिला नाही. पुढे निगमही बंद झालं. रजिस्टरं रद्दीत गेली. मी त्या वर्षाचं शोधायला गेलो होतो, तोवर खोल्या रिकाम्या झालेल्या. म्हणजे आता त्या नोंदीला पुरावा नाही आणि ती खोटी होती यालाही नाही. एक मीच आहे.

सुधाकर सहा वर्षांपूर्वी गेला. शेवटच्या आजारात मी रोज त्याच्याकडे जायचो, आणि रोज सांगायचं ठरवून जायचो. एकदा सुरुवातही केली, “सुधाकर, ती मोरखेडीची बस...” त्याने हात वर केला. म्हणाला, “सोड ना आता. माझी चूक मी केव्हाच मान्य केली आहे.” आणि मी सोडलं. एवढं सांगायला त्याच्या परवानगीची गरज नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं. कुसुम त्याच्या अंत्ययात्रेला आली नाही.

या श्रावणात मी कुसुमकडे गेलो. तिची दृष्टी कमी झाली आहे, पण दिवाळी अंक ती अजून भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. मी चहा नको म्हणालो आणि सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे त्याच क्रमाने. ती गहू निवडत होती. मी बोलत असताना तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावरही थोडा वेळ चालू राहिले.

मग तिने विचारलं, “किती वाजता उभा होता म्हणालास तो?”

“पावणेपाचला.”

“आणि बस निघालीच नव्हती.”

“नाही.”

“मी बोट ठेवून वाचलं होतं,” ती म्हणाली. मी म्हणालो, “कुसुम, तू म्हणशील ते...”

“मला एकटीला काय सांगता?” ती म्हणाली. “तेव्हा छापून सगळ्या गावाला सांगितलं होतंत ना? मग तसंच सांगा.”

आमच्या उभ्या आयुष्यात तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मी म्हणालो, लिहितो. निघायला उठलो तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं.

“अंक कधी येतो?”

“धनत्रयोदशीच्या सुमाराला.”

“म्हणजे भाऊबीजेच्या आधी.”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली. “या वर्षी तुम्ही येऊ नका. पाट मी मांडणार आहे.”

म्हणून वाचकांनी आपल्याकडे तो जुना अंक असेल तर माझं वाक्य खोडावं आणि तिथे हे लिहावं: त्या रविवारी मोरखेडीची बस उज्जैनहून निघालीच नाही. ती निघाल्याचं टाइमकीपरने लिहिलं. सुधाकर पावणेपाचपासून फाट्यावर जागा होता आणि बस धरायला उभा होता.